फेसाखालची वाइन: कुटुंबाच्या नव्या वायनरीतली स्पार्कलिंग कशी चाखावी

स्पार्कलिंग वाइन चाखताना नवख्या माणसाची पहिली फसगत फेसच करतो. बूच निघाल्याचा आवाज, ग्लासात सरसर वर चढणारे बुडबुडे, जिभेवरची चुरचुर आणि वर बर्फाचा गारवा, एवढं सगळं एकदम आलं की खालची वाइन कशी आहे हे कळायच्या आत ग्लास रिकामा होतो. गार आणि फेसाळ असली की जवळजवळ कुठलीही वाइन पहिल्या घोटाला बरी लागते. त्यात थोडी साखर असली तर विचारायलाच नको. म्हणून स्पार्कलिंग चाखायची म्हणजे फेस, गारवा आणि गोडी ही तीन पांघरुणं एकेक करून बाजूला करायची आणि खालच्या वाइनपर्यंत पोचायचं.

हे शिकायला छोटी, नवी, एका कुटुंबाची वायनरी उत्तम. मोठ्या वायनरीत पुष्कळ बागांचा माल आणि पुष्कळ टाक्या असतात. एक टाकी कमी पडली तर दुसरीनं सांभाळून घेता येते आणि बाटली दरवर्षी साधारण सारखी लागते. कुटुंबाच्या वायनरीत दोन-तीन टाक्या, एक-दोन बागा आणि एकाच हंगामाचा माल. त्या वर्षीचा अवकाळी पाऊस, छाटणीची तारीख, तोडणीला झालेला दोन दिवसांचा उशीर, सगळं ग्लासात उतरतं. शिवाय ओतणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो. त्याला विचारलं तर उत्तर मिळतं.

महाराष्ट्रात हे काम तसं नवं नाही. नारायणगावला इंडाज या वायनरीनं १९८०च्या दशकातच शॅम्पेनच्या पद्धतीनं स्पार्कलिंग करायला सुरुवात केली होती. दिंडोरीच्या शाँदों वायनरीची पहिली बाटली २०१३ मध्ये बाजारात आली. एका कुटुंबानं उभी केलेली नाशिकची यॉर्क वायनरी नुसत्या शेनिन ब्लाँक या पांढऱ्या द्राक्षाची स्पार्कलिंग करायची. २०२१ मध्ये ती नाशिकच्याच मोठ्या सुला वायनरीनं घेतली. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात होते तीच शॅम्पेन. नाशिकला होते ती स्पार्कलिंग वाइन. वायनरीत जाऊन शॅम्पेन मागू नका.

आधी महिन्यांचं गणित

नव्या वायनरीत जाण्यापूर्वी हा हिशेब मांडा, पुढचं बरंच काही आपोआप कळतं. नाशिकला द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठीची गोडी छाटणी. वाइनची तोडणी साधारण डिसेंबरअखेर ते मार्च चालते आणि स्पार्कलिंगचा माल सगळ्यात आधी तुटतो. साध्या पांढऱ्या वाइनला मण्यांत २१-२२ ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) साखर भरू देतात. स्पार्कलिंगला १८-१९ ला तोडतात. कारण इथं ऊन चढलं की मण्यांतली आम्लता झपाट्यानं उतरते आणि आम्लता हाच या वाइनचा कणा. शिवाय फेस आणण्यासाठी बाटलीत होणाऱ्या दुसऱ्या आंबवणीत सव्वा ते दीड टक्का अल्कोहोल वाढतो, म्हणून पहिली वाइन साडेदहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच हवी.

जानेवारीत तोडलेल्या मालाची बेस वाइन, म्हणजे फेस येण्याआधीची साधी वाइन, मार्चपर्यंत तयार होते. एप्रिल-मेमध्ये ती यीस्ट आणि साखर घालून बाटलीत भरतात. बाटलीत यीस्टच्या गाळावर, म्हणजे लीजवर, निदान ९ ते १२ महिने. मग गाळ काढून, बूच बसवून दोन-तीन महिने विसावा. म्हणजे पारंपरिक पद्धतीची, बाटलीतच फेस धरलेली वाइन तोडणीनंतर सव्वा वर्षाच्या आत विक्रीला येणं अवघड. वायनरीचा पहिला हंगाम गेल्याच वर्षी झाला असेल आणि समोर ‘पारंपरिक पद्धत, लीजवर १८ महिने’ अशी बाटली आली, तर बेस वाइन कुठली हे सरळ विचारा. शेजारच्या वायनरीकडून करून घेतली असेल तर त्यात वावगं काही नाही, नवी मंडळी तसंच सुरू करतात. पण मग तुम्ही चाखताय ती त्यांची बाग नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

घरून निघताना

फोन करून जा. छोट्या ठिकाणी चाखवणारा माणूस एकच असतो आणि तोडणीच्या दिवसांत तो पहाटेपासून क्रेट मोजत असतो. निवांत बोलायचं तर आठवड्याच्या मधला दिवस, सकाळी अकराची वेळ बरी. तेव्हा जीभ ताजी असते आणि भूकही फार लागलेली नसते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी आणि निवडणुकीच्या काळात विक्री बंद असते. वयाची अट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

नाशिकला जाताना वाटेत मिसळ खायची प्रथा आहे, पण त्या दिवशी ती परतीला ठेवा. तिखटाने पोळलेल्या जिभेवर फेस टोचतो, अल्कोहोल जळजळतो आणि बारीक चवी कळतच नाहीत. निदान तीन तास आधीपासून तिखट नको. तासभर आधीपासून चहा, कॉफी, पान, बडीशेप आणि पेपरमिंटही नको. अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा तर अजिबात नको. एका गजऱ्याच्या वासात टेबलाभोवतीच्या सहाही जणांची नाकं निकामी होतात.

गाडी चालवणारा आधीच ठरवा. ५० मिलिलिटरचे सहा ग्लास गिळले की ३०० मिलिलिटर वाइन पोटात जाते. १२ टक्क्यांनी त्यात ३६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतो. कायद्याची मर्यादा रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती एवढ्यात ओलांडली जाते. थुंकायला भांडं मागा. वाइन थुंकणं हा यजमानाचा अपमान नाही. स्वतः वायनरीवाले दिवसभर तेच करतात.

लेबल वाचताना

फेस वाइनमध्ये कसा आला, हे आधी पाहायचं. पारंपरिक पद्धतीत दुसरी आंबवणी त्याच बाटलीत होते. लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात. ४ ग्रॅम साखरेमागे एक अॅटमॉस्फिअर (बाहेरच्या हवेच्या दाबाइतका दाब), असा शेवटी सहाचा दाब तयार होतो. यीस्ट मरतं, हळूहळू विरघळतं आणि त्यातून पाव, खारी, बदाम असे वास आणि तोंडातला मऊपणा येतो. मग बाटल्या फिरवत फिरवत उलट्या उभ्या करतात, गाळ तोंडावरच्या झाकणापाशी जमतो, मान गोठवून तो बर्फाच्या गोळीसह उडवतात. या कामाला डिसगॉर्जमेंट म्हणतात. मोकळ्या झालेल्या जागेत वाइन आणि थोडी साखर भरतात, तो डोसाज.

टाकीच्या पद्धतीत, इटलीची प्रोसेको बहुतेक होते तशी, दुसरी आंबवणी बंद दाबाच्या टाकीत होते. फळाचे वास ताजे राहतात, पावाचे येत नाहीत. पेत-नात मध्ये पहिलीच आंबवणी अर्धवट असताना बाटली बंद करतात. ती गढूळ असते, दाब कमी असतो आणि प्रत्येक बाटली थोडी वेगळी लागते. चौथा प्रकार म्हणजे सोड्यासारखा वायू भरलेली वाइन. यांत एक उच्च आणि दुसरी नीच असं नाही. चांगल्या ताज्या शेनिनची टाकीतली वाइन रटाळ पारंपरिक बाटलीपेक्षा कधीही बरी. फक्त टाकीतल्या वाइनमध्ये खारी शोधत बसू नका.

गोडीचे शब्द उलटे वाटतात, ते एकदा पाठ करा. ब्रूट नेचर म्हणजे लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, ब्रूट १२ पर्यंत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, सेक १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०. नवख्यांची नेहमी चूक होते ती ‘एक्स्ट्रा ड्राय’ला. नाव कोरडं आणि वाइन ब्रूटपेक्षा गोड.

गार करणं, उघडणं, ओतणं

साधी, ताजी स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना आणि लीजवर जास्त दिवस राहिलेली ८ ते १० अंशांना चाखायची. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या पोकळ्या राहतात आणि ती सावकाश गार होते. नाशिकच्या खोलीत २८ अंशांवर असलेल्या बाटलीला बर्फ-पाण्यात अर्धा तास द्या; घाई असेल तर मूठभर मीठ टाका. फ्रिजमध्ये चार तास लागतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका. विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि काच तडकते.

बाटलीतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच ते तीन पट असतो, म्हणून उघडताना बाटलीचं तोंड कुणाकडेही धरायचं नाही, स्वतःकडे तर नाहीच. वरचा कागद काढा. अंगठा बुचावर घट्ट दाबून तारेची कडी सहा अर्धे फेरे सोडा. जाळी सैल करायची, काढायची नाही. बूच उडतं ते नेमकं जाळी काढून अंगठा हलवला त्या क्षणी. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा. एका हाताने बूच धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी फिरवायची. बूच फिरवलं तर मध्येच तुटतं. ते वर यायला लागलं की उलट दाबून धरा, हळूच बाजूला कलू द्या. आवाज ‘फट्’ असा नको, उसासा सोडल्यासारखा हवा.

निघालेलं बूच टाकून देऊ नका, त्यावर वाचण्यासारखं असतं. खालचा भाग घागऱ्यासारखा फुललेला असेल तर ते बसवून फार दिवस झालेले नाहीत. सरळ खुंटीसारखा राहिला असेल तर बाटली बुचासह बरेच महिने पडून आहे. मागे डिसगॉर्जमेंटची तारीख छापली असेल तर ती या बुचाशी ताडून पाहा.

ओतताना आधी बोटभर, फेस बसला की मग पुढची. चाखायला ५० ते ६० मिलिलिटर पुरे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत बारा-चौदा जणांचं भागतं.

ग्लास

ट्यूलिपच्या आकाराचा, खाली थोडा पोट असलेला, वर निमुळता ग्लास मागा. उंच नळीसारख्या फ्लूटमध्ये बुडबुडे छान दिसतात पण नाक आत जात नाही. पसरट बशीसारख्या कूपमध्ये फेस आणि वास दोन्ही पाच मिनिटांत उडून जातात. ट्यूलिप नसेल तर साध्या पांढऱ्या वाइनचा ग्लास चालतो.

ग्लासाबद्दल एक गोष्ट घरी करून पाहण्यासारखी आहे. दोन सारखे ग्लास गरम पाण्याने धुवा. एक पालथा ठेवून हवेवर वाळू द्या, दुसरा आतून सुती फडक्याने पुसा. एकाच बाटलीतली वाइन दोन्हीत ओता. पुसलेल्या ग्लासात कडेच्या दहा-बारा ठिकाणांहून बुडबुड्यांच्या बारीक माळा निघतात. न पुसलेल्यात दोन-तीनच, कधी एकही नाही. बुडबुडा गुळगुळीत काचेवर जन्मत नाही. त्याला सुताच्या तंतूतली हवेची पोकळी लागते. तेव्हा ‘बुडबुडे बारीक आणि भरपूर, म्हणजे वाइन उंची’ हे विसरा. निम्मा हिशेब फडक्याचा असतो. साबणाचा अंश राहिला असेल, किंवा वडा खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावले, तर फेस बघता बघता मरतो. लिपस्टिकनेही तेच होतं. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. कपाटाचा, लाकडाचा किंवा ओल्या फडक्याचा वास आला तर दुसरा मागा.

नजर, नाक, जीभ

रंगावर फार वेळ घालवू नका. पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट पिवळा, हिरवट झाक, म्हणजे तरुण. सोनेरी म्हणजे एक तर लीजवर जास्त दिवस किंवा हवा लागलेली; नाक लगेच सांगेल. पेत-नात सोडून बाकी सगळ्या स्वच्छ हव्यात.

नाकासाठी ग्लास गरगर फिरवायचा नाही, वायू निघून जातो. आणि ओतल्या ओतल्या नाक आत खुपसलंत तर कार्बन डायऑक्साइडचा झणका बसतो, पुढचं काही कळत नाही. अर्धा मिनिट थांबा, मग छोटे छोटे दोन वास घ्या. आधी फळं शोधा. नाशिकच्या शेनिनमध्ये लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पेरू, कधी अननस. सोव्हिन्याँ ही द्राक्षाची दुसरी जात मिसळली असेल तर ढोबळी मिरची आणि कापलेलं गवत. गुलाबी रोझेमध्ये स्ट्रॉबेरी, डाळिंबाचे दाणे. मग यीस्टचे वास शोधा. पावाची कड, खारी, भाजलेले बदाम. लीजवर वर्षभर ठेवलेल्या वाइनमध्ये हे अगदी पुसट असतात. ठळक व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. बारा महिन्यांच्या बाटलीत खारी भरभरून सापडली तर ती बहुधा लेबल वाचून सापडलेली असते.

आता घोट. चमचाभर घ्या, तोंडात फिरवा, पाच सेकंद ठेवा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहा. फेस टोचतोय की मऊ पसरतोय? मोठे, आडदांड, लगेच फुटून जाणारे बुडबुडे असले तर वाइन तोंडात सोड्यासारखी वागते. आंबटपणा कुठे लागतो? जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आम्लतेनं. ते सुटलंच नाही तर माल उशिरा तुटला आहे. आणि मध्ये काय आहे? इथं नव्या वायनरीचं बिंग फुटतं. सुरुवातीला आंबट, शेवटी आंबट आणि मधल्या भागात पाणी, अशी वाइन असेल तर साखर कमी हवी म्हणून माल फारच कोवळा तोडला. मग कच्च्या कैरीसारखा कठोरपणा राहतो आणि फळ नाही. थुंकल्यावर किती सेकंद चव टिकते ते मोजा. मागे पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखा कडवटपणा राहिला तर घड जास्त दाबले गेले आहेत. शॅम्पेनमध्ये ४००० किलो द्राक्षांतून २०५० लिटर पहिला रस वेगळा काढतात आणि नंतरचा ५०० लिटर वेगळा ठेवतात, तो याच कारणाने. छोट्या वायनरीला एवढी चैन परवडत नाही, थेंबन् थेंब हवासा वाटतो, आणि तो शेवटचा थेंब चवीत कळतो.

यानंतर ग्लास बाजूला ठेवा आणि वीस मिनिटं त्याला हात लावू नका. या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. वाइन बारा-चौदा अंशांवर येते, फेस निम्मा होतो आणि लपलेलं सगळं वर येतं. चांगली बेस वाइन या वेळी जास्त बोलकी होते, पेरू पिकतो, बदाम दिसू लागतात. कमकुवत असेल तर गोडी एकदम पुढे येते, वाइन चिकट आणि सपाट लागते. वायनरीत ब्रूट आणि ब्रूट नेचर दोन्ही असतील तर शेजारी शेजारी मागा. बिनसाखरेचीही तितकीच नेटकी लागली तर त्या घरात काम नीट चाललंय.

नोंद त्याच वेळी करा, घरी गेल्यावर नाही. ती अशी असली तरी पुरते: “ब्रूट, शेनिन, पारंपरिक, लीजवर १२ महिने, ८ अंश. फेस मऊ. लिंबाची साल, अर्धवट पिकलेला पेरू, मागे किंचित पाव. आंबटपणा जोरात, मध्ये थोडी पोकळ, शेवट छोटा. २० मिनिटांनी पेरू जास्त, पोकळपणा ठळक.” ‘छान’, ‘मस्त’, ‘स्मूद’ या शब्दांवरून महिन्याभराने काही आठवत नाही.

क्रम साधा आहे. कोरडी आधी, गोड शेवटी. पांढरी आधी, रोझे नंतर. कमी महिन्यांची आधी, जास्त महिन्यांची नंतर. दोन वाइन्सच्या मध्ये साधं पाणी आणि साधा पाव. एका बैठकीला सहापेक्षा जास्त नको. आम्लतेनं जीभ थकते आणि सातवी वाइन उगाच बोथट लागते.

काय बिघडतं आणि का

ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास आला आणि फळ गायब असेल तर दोष बुचाचा आहे. बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्याने हे होतं. थांबून कमी होत नाही, वाढतं. दुसरी बाटली मागा. कुठलीही शहाणी वायनरी ती उघडते.

काडी विझवल्यासारखा किंवा सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवेअभावी गंधकाची संयुगं साचली. द्राक्षरसात नायट्रोजन कमी असला की उपाशी यीस्ट हे करतं. हलका असेल तर दहा मिनिटांत उडतो, तेवढी वाट पाहा. उकडलेल्या कोबीचा किंवा ओल्या लोकरीचा वास पारदर्शक बाटलीत जास्त आढळतो. तो उजेडाने येतो. रोझेचा गुलाबी रंग दिसावा म्हणून पारदर्शक काच घेतात आणि टेस्टिंग रूमच्या मांडणीवर दिव्याखाली ठेवतात. ट्यूबलाइटखाली काही दिवसही पुरतात. अशा वेळी मांडणीवरची नको, खोक्यातली द्या म्हणावं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि फरक एवढा असतो की ओतणाराही चकित होतो.

कापून ठेवलेल्या, तांबूस पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. डिसगॉर्जमेंट हाताने करताना प्रत्येक बाटलीत थोडी हवा शिरते, आणि हात बसलेला नसेल तर जास्तच शिरते. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास असेल तर गडबड बेस वाइनमध्येच, बहुधा तडकलेल्या मण्यांत किंवा स्वच्छतेत. बाटली उघडताच कारंजं उडालं तर आधी तपमान पाहा. १५ अंशांच्या वरची किंवा हलवलेली कुठलीही बाटली उसळते. गार, स्थिर बाटलीही उसळली तर आत टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, बारीक खडे किंवा गाळ राहिलाय. उलट, फेसच नसेल तर साखर मोजण्यात चूक, यीस्ट मध्येच बंद पडलं, किंवा बूच सैल. नव्या वायनरीत बाटलीगणिक फरक सापडतोच, म्हणून एका बाटलीवरून निकाल देऊ नका.

विचारावं असं

कुठली बाग, कुणाची? गोडी छाटणी आणि तोडणी कोणत्या तारखेला झाली, तोडताना ब्रिक्स किती? माल पहाटे तुटला का, क्रेटमध्ये किती वेळ होता? लीजवर किती महिने? डिसगॉर्जमेंट कधी आणि डोसाज किती? शक्य असेल तर टाकीतली बेस वाइन चाखायला मागा. ती तोंड वाकडं करायला लावेल इतकी आंबट असते, पण फेसाशिवाय वाइन कशी असते याचा त्याहून चांगला धडा नाही. उत्तर देणारा थांबून वही उघडतो का, याकडे लक्ष द्या. छाटणीची वही ठेवणाऱ्या घराची पुढच्या वर्षीची बाटली आवर्जून चाखावी.

आणि वाइन आवडली नाही तर तेही नीट सांगा. ‘बरी आहे’ म्हणून निघून गेलात तर त्यांना काहीच मिळत नाही. ‘मध्ये पोकळ लागली, शेवटी कडवट’ एवढं सांगितलंत तर पुढच्या जानेवारीत तोडणीची तारीख ठरवताना ते शब्द त्यांना उपयोगी पडतात.

खायला आणि घरी न्यायला

ब्रूटला मीठ आणि तळण मानवतं. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, बोंबील फ्राय, मिरची-चटणीशिवायचा बटाटेवडा. आम्लता तेल कापते, फेस तोंड धुऊन काढतो. चिंच-गुळाच्या अळूवडीला एक्स्ट्रा ड्राय बरी. श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर ब्रूट घेऊ नका, वाइन एकदम लिंबू पिळल्यासारखी लागते; गोडाला डेमी-सेकच हवी.

बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका. एप्रिलमध्ये बंद गाडीत दोन तास म्हणजे महिन्यांच्या मेहनतीवर पाणी. थर्माकोलचं खोकं आणि बर्फाची पिशवी बरोबर असू द्या. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस हलवू नका. मग घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. मुंबईत असा कोपरा नसेल तर फ्रिजच्या तळच्या कप्प्यात, महिना-दोन महिन्यांपुरती. टाकीच्या पद्धतीची वाइन वर्षाच्या आत संपवा, पारंपरिक पद्धतीची साधी ब्रूट डिसगॉर्जमेंटपासून दीड-दोन वर्षांत. उघडलेली उरली तर स्पार्कलिंगचं चिमट्याचं झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन दिवस फेस टिकतो. तोंडात चांदीचा चमचा अडकवून काही होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी फेस उतरला असेल तर ती फेकू नका. एक घोट घेऊन आदल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा, मग उरलेली कालव्यांच्या किंवा कोळंबीच्या रश्श्यात ओता.